कॉलेजची कॉमन कॉम्प्युटर लॅब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांत एक लॅब अशी असते, जी कुठल्याच विभागाची नसते. दारावर कुठे 'कॉमन लॅब' लिहिलेलं असतं, तर कुठे यूजीसीच्या जुन्या योजनेतली 'नेटवर्क रिसोर्स सेंटर' ही पाटी अजून टिकून असते. तिथल्या खुर्चीवर बसून रोज ऐकू येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. लॅबची वेळ आणि प्रिंटचे दर प्रत्येक कॉलेजात वेगळे असतात, ते दारावरच्या कागदावर बघा.

मी बी.ए.ला आहे. मला लॅबमध्ये बसता येतं का?

येतं. विभागाची लॅब प्रॅक्टिकलच्या बॅचसाठी असते, कॉमन लॅब मात्र ओळखपत्र असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी असते. "आमच्याकडे कॉम्प्युटर विषय नाही" म्हणून दारातूनच परत जाणारी मुलं दरवर्षी दिसतात. खरं तर सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते, कारण त्यांच्या विभागाकडे एकही मशीन नसतं.

मोबाइल आहे की. मग लॅब कशाला?

लेक्चर बघायला आणि नोट्स वाचायला मोबाइल पुरतो. चाळीस पानांचा प्रकल्प अहवाल, तळटीपा, एक्सेलचा तक्ता, टॅली आणि सरकारी पोर्टलवरचा लांबलचक फॉर्म यांना तो पुरत नाही. मोबाइलवर फॉर्म भरताना अर्धा रकाना स्क्रीनबाहेर जातो, तालुक्याच्या यादीत शेजारचा तालुका निवडला जातो आणि चूक लक्षात येते ती थेट अर्ज परत आल्यावर.

महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म भरायचा आहे. येताना काय आणू?

आधारला जोडलेला मोबाइल सर्वांत आधी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका हे सगळं मुलं आठवणीने आणतात, पण ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो आणि वडील त्या वेळी शेतात असतात. फोन लागतो तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली असते. दोनच मार्ग आहेत : वडील फोनजवळ असतील ती वेळ आधी ठरवून त्याच वेळी लॅबमध्ये बसा, किंवा आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. दुसरा मार्ग एकदाच त्रास देतो.

बँकेच्या खात्याबद्दल एक गैरसमज फार आहे. पासबुकावर आधार क्रमांक छापलेला असला म्हणजे शिष्यवृत्ती त्याच खात्यात येईल असं नाही. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधारशी 'सीडिंग' (बँकेकडून नोंदवलेली जोडणी) झालेल्या खात्यात जातात आणि ते सगळ्यात शेवटी सीड केलेलं एकच खातं असतं. मध्येच कुणी दुसरं खातं उघडून तिथे संमतीपत्रावर सही केली असेल, तर पैसे तिकडे जातात आणि मुलगा सहा महिने जुनं पासबुक भरून आणत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दिसते. फॉर्म भरण्याआधी ती बघा.

'सबमिट' झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. त्रुटी निघाली तर 'सेंट बॅक' होऊन तुमच्याकडे परत येतो आणि तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत तिथेच पडून राहतो. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. फोनवर मेसेज येईल या भरवशावर राहू नका.

कॅफेवाला पन्नास रुपयांत भरून देतो. त्याच्याकडून केला तर?

करा, पण नंबर, ईमेल आणि पासवर्ड तुमचाच टाकायला लावा. घाईत तो स्वतःचा नंबर टाकतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी दुकान हललेलं असतं आणि तुमचं खातं त्याच्या नंबरमागे अडकलेलं असतं. जून-जुलैत लॅबमध्ये येणाऱ्या अडचणींपैकी सर्वांत चिवट हीच. इतर बहुतेक दुरुस्त्या बसल्या बसल्या होतात, हिला मात्र तक्रार, अर्ज आणि वाट बघणं लागतं.

दाखला स्कॅन केला, पण 'फाइल मोठी आहे' म्हणून पोर्टल घेत नाही.

स्कॅनर बहुतेक वेळा ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), रंगीत अशा सेटिंगवर असतो. ए-फोर कागद ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो. १५० केलं तर १२४० बाय १७५४, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश. दाखला वाचायला तेवढे पुरतात. रंगीतऐवजी ग्रेस्केल केलं की फाइल आणखी उतरते. 'फाइल छोटी करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर आधार कार्ड आणि जातीचा दाखला चढवू नका. ती फाइल कुणाच्या सर्व्हरवर किती दिवस राहते, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

फी लॅबच्या मशीनवरून भरू का?

नेट बँकिंगचा पासवर्ड सामाईक मशीनवर टाकू नका. स्क्रीनवर क्यूआर कोड येत असेल तर तो स्वतःच्या फोनने स्कॅन करून भरा, म्हणजे पिन तुमच्या हातातल्या फोनवरच राहतो. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर व्यवहाराची स्थिती तपासा, व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि मग कार्यालयात जा.

काल डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल आज नाही. कुणी डिलीट केली?

कुणीच नाही. बऱ्याच लॅबमध्ये 'डीप फ्रीझ' किंवा त्याच जातीचं सॉफ्टवेअर असतं. मशीन रीस्टार्ट झालं की ते ठरवून ठेवलेल्या मूळ स्थितीत परत जातं. तुमची फाइल, बदललेला वॉलपेपर, कुणी डाउनलोड केलेला गेम आणि त्याबरोबर आलेला व्हायरस, सगळं एका फटक्यात जातं. यात चिडण्यासारखं वाटतं खरं, पण दिवसभर शंभर हात फिरणारं मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी चालू स्थितीत सापडतं ते यामुळेच. काही ठिकाणी डी ड्राइव्ह मोकळा सोडलेला असतो, तिथली फाइल टिकते. पण टिकते म्हणजे सुरक्षित असते असं नाही. तिथे ठेवलेला प्रकल्प तुमच्याआधी दुसराच कुणीतरी स्वतःच्या नावाने जमा करू शकतो.

मग फाइल ठेवू कुठे?

दोन ठिकाणी. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी स्वतःलाच ईमेल करून किंवा गूगल ड्राइव्हवर चढवून. गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते. एम.ए.चा शोधनिबंध त्यात शेकडो वेळा मावेल.

पेन ड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले. डेटा गेला का?

बहुधा गेलेला नाही. हा जुना आणि अजून जिवंत असलेला व्हायरस आहे. तो मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट करून ठेवतो. तुम्ही शॉर्टकट उघडलात की फोल्डर तर उघडतोच, शिवाय मागे व्हायरसही चालू होतो. म्हणून शॉर्टकटवर क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही मारू नका. लॅबमधल्या दादांना सांगा. अँटिव्हायरसने साफ करून 'ॲट्रिब' नावाच्या आज्ञेने लपवलेल्या फायली पुन्हा दिसत्या करता येतात. लॅबमध्ये लिनक्सचं एखादं मशीन असेल तर आणखी सोपं : विंडोजसाठी लिहिलेला हा व्हायरस तिथे चालत नाही आणि लपवलेले फोल्डरही सरळ दिसतात.

ब्राउझर 'पासवर्ड सेव्ह करू का?' विचारतो.

नाही म्हणा. लॉगिन इन्कॉग्निटो खिडकीतच करा : क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. खिडकी बंद केली की लॉगिनही जातं.

लॉगआउट करायचं राहिलं आणि बसमध्ये आठवलं, तर फोनवरून गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची उपकरणं' बघा आणि तिथून लॅबचं मशीन बाहेर काढा. व्हॉट्सॲप वेब असेल तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून. मित्राला फोन करून "जरा माझं बंद कर" सांगू नका, तो आधी चॅट वाचणार.

इन्कॉग्निटोमध्ये मी काय बघतो ते कुणालाच दिसत नाही ना?

तुमच्यानंतर बसणाऱ्याला दिसत नाही, एवढंच. कॉलेजच्या फायरवॉलला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतं. शिवाय अनेक लॅबमध्ये 'व्हेयॉन'सारखं सॉफ्टवेअर असतं. त्यात सरांच्या मशीनवर सगळ्यांच्या स्क्रीन छोट्या चौकोनांत दिसतात आणि मधेच एखादी लॉकही करता येते. हे प्रॅक्टिकलसाठी ठीक आहे. मात्र असं सॉफ्टवेअर बसवलं असेल तर दारावर तसं लिहिलेलं असावं, चोरून बघणं बरोबर नाही.

रजिस्टरमध्ये नाव, वेळ, मशीन नंबर कशाला लिहायचा?

सायबर कॅफेंना २०११च्या केंद्रीय नियमांनुसार ग्राहकाची ओळख तपासावी लागते आणि नोंदवही किमान वर्षभर जपून ठेवावी लागते. कॉलेजची लॅब कॅफे नव्हे, पण कारण तेच आहे. उद्या एखाद्या मशीनवरून कुणाला घाणेरडा मेल गेला, तर त्या वेळी तिथे कोण होतं हे त्या वहीतूनच कळणार. म्हणून आधीच्याने लिहिलेल्या वेळेखाली नुसत्या "सदर" खुणा ओढू नका. ती वही तुम्हालाही वाचवते.

मित्राचं लॉगिन वापरलं तर बिघडलं कुठे?

त्याने दिलं असेल तर नियम मोडतो, न विचारता घेतलं असेल तर कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी म्हणतं की दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मस्करीत मित्राचा परीक्षेचा फॉर्म बदलणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

कुठल्याही मशीनवर बसलं तरी माझंच लॉगिन कसं चालतं?

सगळ्या कॉलेजांत चालत नाही, पण जिथे चालतं तिथे त्यामागे एक जुनी कथा आहे. १९८३ साली अमेरिकेत एमआयटीने डेक आणि आयबीएम या कंपन्यांबरोबर 'प्रोजेक्ट अथेना' सुरू केला. आवारात विखुरलेल्या मशीनपैकी कुठल्याही एकावर बसावं आणि आपल्या फायली समोर याव्यात, असा तो बेत होता. अडचण अशी की मशीन सार्वजनिक, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. पासवर्ड तारेतून पाठवला तर मधे बसलेला कुणीही विद्यार्थी तो उचलणार. त्यातून 'कर्बेरॉस' ही पद्धत निघाली : पासवर्ड तारेतून जातच नाही, त्याऐवजी ठरावीक मुदतीची कूटबद्ध तिकिटं फिरतात. विंडोज २००० पासून डोमेनच्या (एकाच सर्व्हरवरून सांभाळलेल्या मशीनच्या गटाच्या) लॉगिनला तीच पद्धत वापरतात. विद्यार्थ्यांच्या सामाईक लॅबसाठी शोधलेली युक्ती आज बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या नेटवर्कमध्ये चालते आहे, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

मराठी टाइप कसं करू? माझी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

चिवडा दिसतो कारण ती फाइल कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्या फायलीत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांचेच सांकेतिक अंक असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे सोंग उतरतं. फॉन्ट बसवून तेवढ्यापुरतं भागेल, पण कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा अंक देणाऱ्या पद्धतीत) आणा आणि एकदा नीट तपासा. जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात.

नवीन मजकूर युनिकोडमध्येच लिहा. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमधून मराठी जोडा आणि विंडोज-स्पेस दाबून भाषा बदला. मिळणारा कीबोर्ड इनस्क्रिप्ट असतो. तो पहिल्या दिवशी परका वाटतो, पण त्याची मांडणी वर्णमालेसारखीच आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि क-ख, ग-घ, त-थ, प-फ या जोड्या एकाच कळीवर, दुसरं अक्षर शिफ्टने. दोन आठवडे रोज अर्धा तास दिला तर बोटं ऐकायला लागतात. तेवढा धीर नसेल तर विंडोज १०च्या २०१९ मधल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो. त्यात इंग्रजी स्पेलिंगने लिहिता येतं. मी आग्रह इनस्क्रिप्टचाच धरतो, कारण तो विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे सारखाच सापडतो.

'तऱ्हा', 'सुऱ्या', 'दुसऱ्या' यांतला र कसा काढायचा हा तर रोजचा प्रश्न. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबा, ऱ येतो. मग डी दाबून पाय मोडा आणि पुढचं अक्षर लिहा. साधा र वापरलात तर 'दुसर्या' किंवा 'तर्हा' असा रफार चढतो आणि गाइड बाई लाल पेनाने गोल करतात.

ज्यांना टायपिंगची शासकीय परीक्षा द्यायची आहे त्यांनी आपल्या संस्थेत कोणती कळमांडणी शिकवतात ते आधी विचारावं. मराठी ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट अशा दोन पातळ्या असतात. तयारी एका मांडणीवर आणि परीक्षा दुसऱ्या मांडणीवर असं झालं तर वेग निम्म्यावर येतो.

घरी केलेला अहवाल लॅबमध्ये उघडला तर पानं सरकली.

घरी वर्ड, लॅबमध्ये लिब्रेऑफिस, किंवा नुसता फॉन्ट वेगळा, तरी पानं सरकतात. प्रिंट काढायला येताना पीडीएफ करून आणा, त्यात फॉन्ट आतच बसलेला असतो. बाइंडिंग करणार असाल तर डावीकडे दीड इंच समास सोडा. आणि प्रिंट आली नाही म्हणून बटण दहा वेळा दाबू नका. कागद भरला की दहाही प्रती बाहेर येतात आणि पैसे दहाही प्रतींचे लागतात.

टर्बो सी अजून का शिकवतात? आणि घरच्या मशीनवर तोच प्रोग्राम चालत का नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ नये, ते अभ्यास मंडळाला विचारा. टर्बो सी प्लस प्लस हे सी आणि सी प्लस प्लस या भाषांतले प्रोग्राम लिहून चालवायचं बोरलँडचं १९९०च्या सुमाराचं सॉफ्टवेअर आहे, डॉस या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेलं. आजच्या ६४-बिट विंडोजवर ते सरळ चालतच नाही, म्हणून लॅबमध्ये डॉसबॉक्सच्या (डॉसचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामच्या) आत चालवतात. माऊस त्या खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ-१० दाबा, स्क्रीन पूर्ण भरली असेल तर ऑल्ट-एंटर.

घरी जीसीसीवर (फुकट मिळणाऱ्या आजच्या कंपायलरवर) तोच प्रोग्राम का अडतो? तिथे कोनिओ ही हेडर फाइल नसते, म्हणून 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच' ओळखले जात नाहीत. सी प्लस प्लसचं प्रमाणीकरण १९९८ साली झालं आणि हेडरच्या नावामागचं 'डॉट एच' गेलं, टर्बो त्याआधीचं. सगळ्यात फसवा फरक उत्तरातला असतो. टर्बोमध्ये 'इंट' दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७च्या पुढे गेला की ऋण होतो. जीसीसीमध्ये तो साधारणतः चार बाइटचा असतो. ८चं फॅक्टोरिअल ४०३२० येतं. घरी बरोबर येणारं हे उत्तर लॅबमध्ये ऋण २५२१६ दिसतं आणि मुलगा लूप तपासत बसतो. प्रॅक्टिकलला तिथे 'लाँग' वापरा.

मशीन इतकं स्लो का?

तीन कारणं नेहमीची. काही लॅबमध्ये प्रत्येक टेबलावर मॉनिटर आणि कीबोर्ड असतो, पण सीपीयू नसतो. एन-कॉम्प्युटिंगच्या छोट्या डब्यांतून सगळे एकाच मशीनवर चालतात. चौघांनी व्हिडिओ लावला की पाचव्याचं वर्ड अडखळतं. दुसरं, जुनी फिरती हार्ड डिस्क. नवीन कॉम्प्युटरचे कोटेशन मागवण्याआधी जुन्यांत एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकून बघावी, असं माझं मत आहे. बराच कमी खर्च आणि फरक डोळ्यांना दिसतो. तिसरं कारण नवीन आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो, जो अनेक लॅबमधल्या मशीनमध्ये नाही. ती भंगारात काढण्यापेक्षा त्यांच्यावर लिनक्स टाकलेलं बरं. फॉर्म, टायपिंग आणि जीसीसी यांना ते पुरून उरतं.

एकाच मशीनवर सगळ्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात.

खाली उजवीकडची तारीख बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नसतं, म्हणून ब्राउझर नाकारतो. तारीख दुरुस्त करा, साइट उघडेल. मग दादांना सेल बदलायला सांगा.

लॅबमधून संशोधनाची पुस्तकं, जर्नल वाचता येतात का?

ग्रंथपालांकडे जा. कॉलेज इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचं) सभासद असेल तर तुमच्या नावाचं लॉगिन ते काढून देतात, आणि ते घरूनही चालतं. 'शोधगंगा'ला तर लॉगिनही लागत नाही. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध तिथे पूर्ण वाचायला मिळतात, मराठीतलेसुद्धा.

मला स्क्रीन दिसत नाही. लॅब माझ्या उपयोगाची आहे का?

असायला हवी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) फुकट आहे आणि त्याच्या सोबत येणारा ई-स्पीक आवाज मराठीही वाचतो. आवाज यांत्रिक आहे, पण सवयीने समजतो. पेन ड्राइव्हवरूनही तो चालवता येतो. हेडफोन आणि दाराजवळची एक राखीव जागा एवढंच कॉलेजला करायचं असतं. कुणी केलं नसेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या बैठकीपर्यंत टिकत नाही.

चपला बाहेर का काढायच्या?

लॅबमध्ये एसी असायचा आणि कॉम्प्युटर लाखमोलाचा असायचा त्या काळातली ही शिस्त. धूळ पंख्यांत जाऊन बसते हे खरं, पण उघड्या खिडकीतून येणारी धूळ चपलांपेक्षा कितीतरी जास्त असते. नियम आहे तोवर पाळा, फक्त चपला दारात आडव्या सोडू नका.

लॅबला कायम कुलूप का असतं?

मशीन बिघडू नयेत म्हणून, असं सांगतात. नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम येणार असली की उघडते, हेही खरं. माझं मत विचाराल तर वर्षाला चार माऊस आणि दोन कीबोर्ड मोडले, तरी उघडी लॅब परवडते. बंद लॅबमधलं मशीनही पाच वर्षांत जुनं होतंच, फक्त कुणाच्या उपयोगी न पडता. कुलूप दिसलं तर शिपाईमामांशी वाद घालू नका, चावी त्यांच्या हातात असली तरी निर्णय त्यांचा नसतो. विद्यार्थी परिषदेमार्फत वेळापत्रक मागा : शिष्यवृत्ती आणि परीक्षा फॉर्मच्या काळात रोज किमान तीन तास, आणि त्या वेळेला माणूस कोण बसणार त्याचं नाव.

जाताना मॉनिटर बंद केला की झालं ना?

नाही. मॉनिटर बंद केल्याने नुसती काच काळी होते, तुमचं लॉगिन आत उघडंच असतं. साइन आउट करा, पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढा आणि रजिस्टरमध्ये जायची वेळ लिहा.